मोजणीत न आलेल्यांचं काय?

विश्रामबागला घरी आलो की रात्री गच्चीवर जातो. लांबवर मिरजेच्या बाजूचे दिवे दिसतात. कधी मोजून बघा. लांबचे तीन-चार बारके दिवे मिळून एकच ठळक दिवा वाटतो. आणि फारच मंद असले तर दिसतच नाहीत. माझं पीएचडीचं काम दीर्घिकांवर आहे, आणि त्यातली निम्मी डोकेदुखी हीच: यादीत कोण आलं, कोण राहिलं?

डोकेदुखी जुनी आहे. १९५५ साली केंब्रिजच्या मार्टिन राइल यांच्या गटाने १,९३६ रेडिओ स्रोतांची यादी केली. त्यात मंद स्रोत अपेक्षेपेक्षा फारच जास्त निघाले. म्हणजे पूर्वीचं विश्व आजच्यापेक्षा वेगळं होतं, असं राइल म्हणाले. फ्रेड हॉइल यांच्या स्थिर स्थिती सिद्धांताला हा तडाखाच होता. त्यांच्या मते विश्व प्रसरण पावतं, पण कायम सारखंच दिसतं. पुढे १९५७ मध्ये सिडनीत मिल्स आणि स्ली यांनी आपली यादी ताडून पाहिली, तर दोन्ही जुळेनात! केंब्रिजच्या यादीत गच्चीवरच्या दिव्यांसारखंच झालं होतं: अनेक मंद स्रोत मिसळून एकच ठळक स्रोत नोंदला गेला होता.

राइल यांनी १९६१ मध्ये सुधारित मोजणी मांडली. कल तोच, पण सौम्य. तेव्हा हॉइल यांचा बावीस वर्षांचा विद्यार्थी उत्तर द्यायला उभा राहिला. तो म्हणजे आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर. मुद्दा साधा होता: स्रोत विश्वात झुबक्यांनी असतील, आणि आपण नेमके विरळ भागात असू, तर मोजणी अशीच दिसेल.

आता खरं सांगायचं, तर निकाल नारळीकरांच्या बाजूने लागला नाही. पुढच्या मोजण्यांनी राइल यांचा कल टिकवला, आणि १९६५ मध्ये सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी सापडल्यावर बहुतेकांनी स्थिर स्थिती सोडली. पण नारळीकरांचा प्रश्न मात्र हरला नाही.

प्रसरणाचा वेग मोजतानाही तोच आडवा येतो. लांबच्या फक्त तेजस्वी दीर्घिका दिसतात. त्यांनाच सरासरी समजलात, तर अंतर कमी आणि वेग जास्त निघतो. सत्तरच्या दशकात सँडेज ५० म्हणत, तर द व्होकुलर १०० (किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक). दुप्पट फरक! त्या वादात निवडीचा हा दोष कळीचा होता.

म्हणून माझ्या वहीत आकड्याआधी एक ओळ असते: काय दिसलं नाही?