ऑफ आणि फ्रीझ
आमच्या ड्रॉइंग बोर्डावर थर म्हणजे खरोखरचे थर असायचे. खाली मजल्याचा नकाशा, वर ट्रेसिंग पेपर. एकावर प्लंबिंग, दुसऱ्यावर वायरिंग. शाईची रेघ चुकली की ब्लेडने अलगद खरवडायची.

संगणकावर आराखडे काढायचं ऑटोकॅड १९८२ मध्ये आलं, आमच्याकडे बरंच उशिरा. त्यात थर म्हणजे लेयर, आणि तो लपवायच्या दोन तऱ्हा. ऑफ केलेला लेयर दिसत नाही, पण रीजेनच्या, म्हणजे चित्र पुन्हा उभं करण्याच्या, वेळी मशीन त्याचाही हिशेब करतं. फ्रीझ केलेल्याचा नाही. त्या मंद पीसींवर हा फरक अर्ध्या चहाएवढा!

दोन्हींतला आणखी एक फरक मला भलत्याच रीतीने कळला. कॉलमांचा लेयर ऑफ ठेवून मी ‘इरेज’, ‘ऑल’ दिलं. न दिसणारे कॉलमही गेले. फ्रीझ असते तर वाचले असते. साहेब मागेच उभे. मी गुपचूप ‘यू’, म्हणजे अनडू, दाबलं.