विकत घेतलेले नियम परस्पर बदलतात तेव्हा...

कात्रज (पुणे) - दुकानातून आणलेले पुस्तक एकदा कपाटात ठेवले, की त्यातील मजकूर प्रकाशकाला बदलता येत नाही. महाजालावर पैसे भरून घेतलेल्या पुस्तकाविषयी मात्र अशी खात्री देता येत नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या ग्राहकांना ऑगस्ट २०२४ मध्ये याचा प्रत्यय आला. कात्रजच्या खोलीत बसून कार्डाने पैसे भरणारा विद्यार्थी आणि अमेरिकेतील ग्राहक यांचे करार बहुधा सारखेच असतात. त्यामुळे हा वाद आपल्याकडील वाचकांनीही समजून घेण्याजोगा आहे.

खेळाचे स्वरूप

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तयार केलेला हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एक जण कथेचे सूत्रसंचालन करतो आणि इतर प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. पात्राने केलेला प्रयत्न साधला की फसला, हे फासे आणि नियम ठरवतात. एकच कथा कित्येक महिने, प्रसंगी कित्येक वर्षे चालते. नियमांचे जाड ग्रंथ असतात व ते विकत घ्यावे लागतात. या खेळाचे हक्क १९९७ मध्ये 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'कडे आले आणि १९९९ मध्ये ती कंपनी 'हॅसब्रो'ने घेतली.

'डी अँड डी बियाँड' हे संकेतस्थळ २०१७ मध्ये वेगळ्या कंपनीने सुरू केले. २०२२ मध्ये हॅसब्रोने ते १४ कोटी ६३ लाख डॉलरना खरेदी केले. तेथे ग्रंथ वाचता येतातच; शिवाय पात्राचा तक्ता तयार होतो आणि आकडेमोड आपोआप होते. अनेक खेळाडू छापील ग्रंथाऐवजी या सोयीसाठी पैसे मोजतात.

नेमके काय घडले?

नियमांची २०१४ ची आवृत्ती प्रचलित असताना कंपनीने सुधारित 'प्लेअर्स हँडबुक' १७ सप्टेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध करण्याचे ठरवले. त्याआधी ऑगस्टमध्ये जाहीर झाले, की पात्रांच्या तक्त्यांतील जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू यांच्या जागी नवी रूपे येतील. जुना मजकूर वाचायला राहणार होता. तक्त्यात तो हवा असेल, तर ग्राहकाने स्वतः नव्याने भरावा, असा पर्याय सुचवण्यात आला.

हा फरक किरकोळ नव्हता. जखमा बऱ्या करणाऱ्या 'क्युअर वून्ड्स' या मंत्रासाठी पूर्वी आठ पैलूंचा एक फासा टाकला जाई; नव्या नियमात दोन टाकतात. 'कॉन्जर अ‍ॅनिमल्स' या मंत्राने पूर्वी आठपर्यंत प्राणी प्रत्यक्ष अवतरत. आता प्राण्यांच्या आत्म्यांचा एक कळप प्रकटतो. निम्म्यावर आलेल्या कथेत असे बदल शिरले, तर सूत्रसंचालकाने योजलेला तोल बिघडतो. शिवाय ज्यासाठी पैसे मोजले ती सोयच काढून घेतली जात होती. ग्राहकांनी तीव्र निषेध नोंदवला आणि महिना संपण्याआधीच कंपनीने निर्णय मागे घेतला. जुने आणि नवे नियम तक्त्यांत शेजारी-शेजारी ठेवण्यात आले.

आक्षेप बदलाला नाही

खेळांचे नियम बदलतातच. महाराष्ट्रात देशी पद्धतीच्या बुद्धिबळात प्यादे सुरुवातीलाही एकच घर चाले. आंतरराष्ट्रीय पद्धत आल्यावर ज्यांना ती रुचली त्यांनी ती घेतली. जुन्या पद्धतीने खेळणाऱ्यांच्या पटावर येऊन कोणी प्यादी हलवली नाहीत. कोणत्या नियमाने खेळायचे, हे पटाशी बसलेल्यांच्या संमतीने ठरत होते. महाजालावरील खेळात ती संमती घेण्याचे बंधन विक्रेत्यावर राहत नाही, हा खरा आक्षेप आहे.

यामागे करार आहे. अशा व्यवहारात ग्राहकाला बहुधा मालकी मिळत नाही, वापरण्याचा परवाना मिळतो. पेशवाईत कात्रजच्या तलावाचे पाणी नळांवाटे पुण्याच्या हौदांत येई. हौद दारात असला, तरी उगमावर ताबा दुसऱ्याचा असे. येथेही तसेच आहे. २००९ मध्ये 'अ‍ॅमेझॉन'ने हक्कांच्या वादामुळे जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या 'किंडल'वरून परस्पर काढून टाकली व पैसे परत केले. पुढे कंपनीने माफीही मागितली. २०१९ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट'ने ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांची विकत घेतलेली पुस्तकेही गेली. पैसे मात्र परत मिळाले. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, केवळ परवाना देणाऱ्या विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' हा शब्द वापरता येत नाही.

आपल्याकडील तरतुदी

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ई-वाणिज्याच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचा समावेश आहे. ग्राहकाच्या हक्कांत लक्षणीय बदल घडवणाऱ्या अटी असलेला करार 'अनुचित करार' ठरू शकतो आणि त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते. अन्य तक्रार ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे करता येते. म्हणजे कात्रजच्या रहिवाशाला पुण्याबाहेर जावे लागत नाही. २०२० चे ई-वाणिज्य नियम भारतात पद्धतशीर विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात निवारण करणे अपेक्षित आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. परदेशी कंपनीविरुद्ध मिळालेल्या आदेशाची अंमलबजावणी मात्र सोपी नसते.

म्हणून आधीच सावध राहणे श्रेयस्कर. मजकूर स्वतःच्या संगणकावर कायम उतरवून घेता येतो का, मजकूर बदलण्याचा हक्क विक्रेत्याने राखून ठेवला आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे. पावती आणि त्या दिवशीच्या अटी जपून ठेवाव्यात. पात्राचा तक्ता अधूनमधून छापून घ्यावा. २०१४ च्या आवृत्तीचे मूलभूत नियम २७ जानेवारी २०२३ रोजी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले आहेत. ते विनामूल्य उतरवून घेता येतात आणि तो परवाना कंपनीला मागे घेता येत नाही. जुन्या नियमांनी सुरू केलेली कथा त्याच नियमांनी पूर्ण करू इच्छिणाऱ्यांना तो एक भरवशाचा आधार आहे.