हरिकेनची वाट कोण ठरवते? रिज आणि ट्रफ यांची तोंडओळख

१ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम. या काळात दूरचित्रवाणीवर वाऱ्याचा वेग, वादळाच्या डोळ्याचा व्यास आणि श्रेणीचा आकडा सतत सांगितला जातो. परंतु वादळ आपल्या दाराशी येणार की समुद्रातच वळून जाणार, याचे उत्तर त्यांपैकी कशातच नसते. ते असते वादळाभोवती शेकडो मैल पसरलेल्या हवेच्या प्रवाहांत. या प्रवाहांची दिशा ज्या दोन घटकांमुळे ठरते, त्यांना हवामानशास्त्रात रिज आणि ट्रफ म्हणतात.

हरिकेन स्वतःच्या बळावर फारसा प्रवास करीत नाही. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात त्याला वायव्येकडे किंचित ओढ असते, एवढेच. बाकीचा प्रवास ओढ्यातल्या भोवऱ्यासारखा: भोवरा स्वतःभोवती गरगरतो आणि पाणी त्याला वाहून नेते. इथे पाण्याची जागा घेतात वातावरणाच्या मधल्या थरांतील वारे. त्यांच्या अभ्यासासाठी ५०० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीचा नकाशा पाहण्याची पद्धत आहे. ही पातळी सरासरी साडेपाच किलोमीटर उंचीवर असते. मात्र उबदार हवेत ती वर चढते आणि थंड हवेत खाली उतरते. नकाशावर जिथे ती फुगून वर आलेली दिसते ती रिज, म्हणजे जणू डोंगराची धार. जिथे खचलेली दिसते तो ट्रफ, म्हणजे भारतातील वेधशाळा जिला द्रोणीय स्थिती म्हणते ती. वादळ दुर्बल असेल, तर मात्र त्याला खालच्या थरांतील वारेच ढकलतात.

उत्तर गोलार्धात रिजभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाहतात. अटलांटिकवर उन्हाळ्यात बर्म्युडा आणि अझोर्स बेटांच्या आसपास अशी एक विस्तीर्ण रिज ठाण मांडून असते. आफ्रिकेकडून निघालेली वादळे तिच्या दक्षिण कडेने पश्चिमेकडे सरकतात आणि तिचे पश्चिम टोक आले की उत्तरेकडे वळतात. हे टोक फ्लोरिडापर्यंत पोहोचले असेल, तर किनाऱ्याला धोका; ते अलीकडेच संपले, तर वादळ भर समुद्रात वळते. ट्रफ पश्चिमेकडून येतो. त्याच्या पूर्वेकडील वारे ईशान्येकडे वाहत असल्याने तो वादळाला उचलून त्या दिशेने नेतो. प्रश्न असतो तो वेळेचा: ट्रफ वेळेवर पोहोचतो का, आणि पुरेसा खोल असतो का?

न्यू जर्सीतील वाचकांना २०१२ ची सँडी आठवत असेल. ऑक्टोबरअखेरीस त्या भागात आलेले वादळ सहसा ईशान्येकडे समुद्रात निघून जाते. त्या वेळी उत्तर अटलांटिकवरील उच्च दाबाने ती वाट अडवली होती आणि अमेरिकेच्या पूर्व भागात एक खोल ट्रफ उतरत होता. या दोहोंनी मिळून सँडीला डावीकडे, थेट जमिनीकडे वळवले. २९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी ती ब्रिगँटाइनजवळ किनाऱ्यावर आली, तीही जवळजवळ काटकोनात. म्हणूनच तिच्या उजव्या बाजूच्या वाऱ्यांनी न्यूयॉर्क बंदरात एवढे पाणी लोटले. तोवर तांत्रिकदृष्ट्या ती हरिकेन उरली नव्हती, हे वीज गेलेल्या घरांत बसलेल्यांना सांगून काय उपयोग! युरोपीय प्रारूपाने हे वळण सुमारे आठवडाभर आधी दाखवले होते. अमेरिकी प्रारूप तेव्हा वादळ समुद्रातच सोडत होते.

याच्या उलट, २०१७ चे हार्वी दोन रिजांच्या कात्रीत सापडले. त्याला पुढे नेणारा प्रवाहच उरला नाही. टेक्सासच्या किनाऱ्यावर ते रेंगाळले आणि नेदरलँड येथे साठ इंचांहून अधिक पाऊस पडला.

नवख्या वाचकाने सर्वांत नीट समजून घ्यावे असे उदाहरण २०२२ च्या इयानचे. क्युबा ओलांडून ते मेक्सिकोच्या आखातात उत्तरेकडे निघाले. पूर्वेला रिज होती, वायव्येकडून ट्रफ येत होता. ट्रफ इयानला कुठे आणि केव्हा वळवणार, यावर प्रारूपांचे एकमत नव्हते. अमेरिकी प्रारूपाचा कल बराच काळ पश्चिमेकडे होता. लोकांचे लक्ष टँपा खाडीवर खिळलेले. प्रत्यक्षात वळण लवकर आले आणि २८ सप्टेंबरच्या दुपारी इयान बरेच दक्षिणेला, कायो कोस्टा बेटावर धडकले. फ्लोरिडाचा पश्चिम किनारा वादळाच्या मार्गाला जवळजवळ समांतर होता, त्यामुळे दिशेतील काही अंशांच्या फरकाने धडकेची जागा कितीतरी मैल सरकली. ली काउंटीत स्थलांतराचा आदेश आदल्या दिवशी सकाळी निघाला. या वादळाने शंभराहून अधिक बळी घेतले.

मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राच्या नकाशातील पांढरा शंकू इथेच फसवतो. तो वादळाचा आकार दाखवत नाही. केंद्रबिंदू कुठून जाईल, यातील अनिश्चितता दाखवतो. त्याची रुंदी मागील पाच वर्षांच्या चुकांवरून ठरते. साधारण तीनपैकी एका वेळी केंद्रबिंदूही शंकूबाहेर जातो. पूर, पाऊस आणि वारा तर त्याच्या कितीतरी बाहेर पोहोचतात. मधल्या रेषेवर नजर खिळवून आपले गाव तीवर नाही म्हणून निश्चिंत होणे, ही चूक सुशिक्षितही करतात.

केंद्रासाठी माहिती गोळा करणारी विमाने काही वेळा वादळात न शिरता त्याच्या भोवतालीही उडतात. ४० हजार फुटांहून अधिक उंचीवरून ती उपकरणे सोडतात आणि रिजची कड नेमकी कुठे आहे ते मोजतात. पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ वाजता केंद्र आपला अंदाज आणि त्यासोबत 'डिस्कशन' नावाचे टिपण प्रसिद्ध करते. त्यात रिज, ट्रफ, 'वीकनेस' म्हणजे रिजमधील फट आणि प्रारूपांतील मतभेद हे शब्द आले की तो परिच्छेद दोनदा वाचावा. मतभेद मोठे असतील, तर आपल्या काउंटीचा निर्वासन विभाग त्याच संध्याकाळी तपासून ठेवावा.