हायड्रोजन-आल्फा सौर दूरदर्शकाची नेत्रिका

वस्तुभिंगाने तयार केलेली प्रतिमा मोठी करून डोळ्यास दाखविणाऱ्या भिंगसंचास नेत्रिका म्हणतात. हायड्रोजन-आल्फा दूरदर्शकात सूर्यप्रकाशातील ६,५६२.८ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची तांबडी रेषा व तिच्या लगतचा अतिशय अरुंद पट्टा एवढाच प्रकाश नेत्रिकेपर्यंत येतो. या प्रकाशात सूर्याचा वर्णगोल, बिंबाच्या कडेवरील ज्वाला आणि बिंबावरील काळसर तंतू दिसतात. या दूरदर्शकासाठी नेत्रिका निवडण्याचे निकष सामान्य दूरदर्शकाहून वेगळे आहेत व त्याचे कारण या उपकरणाच्या इतिहासात आढळते.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी पी. जे. सी. झांसेन यांनी गुंटूर येथून सौर ज्वालांच्या वर्णपटातील तेजस्वी रेषा पाहिल्या व ग्रहण नसतानाही त्या दिसू शकतात, हे दुसऱ्याच दिवशी सिद्ध केले. त्याच वर्षी २० ऑक्टोबर रोजी जे. नॉर्मन लॉक्यर यांनी इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे हेच साधले. परंतु वर्णपटदर्शकाच्या अरुंद फटीतून ज्वालेचा एक छेदच दिसे. विल्यम हगिंझ यांनी १८६९ मध्ये फट रुंद करून ज्वालेचा पूर्ण आकार पाहिला. १८९० नंतर जॉर्ज एलरी हेल आणि आंरी देलांद्र यांनी स्पेक्ट्रोहेलिओग्राफ प्रचारात आणला. फट सूर्यबिंबावरून सरकवून एकाच रेषेच्या प्रकाशात छायाचित्र घेण्याच्या या पद्धतीत डोळ्याची जागा छायाचित्रण काचेने घेतली.

१९२० नंतरच्या दशकात हेल यांनीच प्रत्यक्ष अवलोकनाची सोय पुन्हा करून दिली. त्यांच्या स्पेक्ट्रोहेलिओस्कोपात सूर्यबिंबाचे इतक्या जलद गतीने क्रमवीक्षण होई की, दृष्टिसातत्यामुळे अखंड प्रतिमा भासे. असे एक उपकरण कोडईकनाल वेधशाळेतही बसविण्यात आले. १९३३ मध्ये बेर्नार लिओ यांनी स्फटिकाच्या चकत्या व ध्रुवक यांच्या साहाय्याने अरुंद पट्ट्याचा गालक सुचविला आणि फटीची गरज उरली नाही. पुढे व्यतिकरणावर आधारित गालकांमुळे उपकरण आटोपशीर झाले. २००४ च्या सुमारास ४० मिमी. व्यासाचा व ४०० मिमी. केंद्रांतराचा लहान दूरदर्शक हौशी निरीक्षकांना मिळू लागला.

नेत्रिकांच्या विकासाची दिशा मात्र निराळी होती. कार्ल केल्नर यांनी १८४९ मध्ये डोळ्याकडील भिंगाच्या जागी अवर्णी जोडभिंग वापरले, ते प्रतिमेच्या कडांवरील रंग घालविण्यासाठी. जेथे एकच रंग शिल्लक आहे, तेथे हा गुण जवळजवळ निरुपयोगी ठरतो. येथे महत्त्व आहे ते प्रकाशाचे विकिरण व अंतर्गत परावर्तन कमी असण्याला, कारण वर्णगोलातील तपशिलांचा उठाव मुळातच मंद असतो. म्हणून थोडी भिंगे व चांगले परावर्तनरोधी लेप असलेल्या प्लॉसल किंवा ऑर्थोस्कोपिक नेत्रिका समाधानकारक ठरतात.

विवर्धनालाही मर्यादा आहे. या तरंगलांबीस डोळ्याची संवेदनक्षमता हिरव्या-पिवळ्या प्रकाशाच्या मानाने एक-दशांशाहून कमी असते. वरील लहान दूरदर्शकात २० मिमी. केंद्रांतराची नेत्रिका २० पट व ८ मिमी.ची ५० पट विवर्धन देते. परंतु पहिलीवरून दुसरीकडे जाताना प्रतिमेची दीप्ती सु. एक-षष्ठांश होते. ४० मिमी. व्यासाची विभेदनक्षमता या प्रकाशात सु. ४ विकलांपर्यंतच असल्याने त्यापुढील विवर्धनाने नवा तपशील फारसा मिळत नाही. पूर्ण बिंबासाठी २० ते २५ मिमी. आणि ज्वालांसाठी १० ते १२ मिमी.ची नेत्रिका सामान्यतः सोयीची असते.

कोणतीही नेत्रिका डोळ्याचे रक्षण करीत नाही. पूर्वी नेत्रिकेवर लावल्या जाणाऱ्या काळ्या काचा एकवटलेल्या उष्णतेने तडकत व निरीक्षकाचा डोळा धोक्यात येई. संरक्षण होते ते तिच्या आधी बसविलेल्या उष्णतारोधी काचेमुळे व गालकांमुळे. म्हणून नेत्रिका बदलण्यापूर्वी ते जागच्या जागी व अभंग आहेत, याची खात्री करून घेणे आवश्यक असते.