टपालखर्च निराळा

१/ जुनी मराठी मासिके चाळताना पुस्तकांच्या जाहिरातींखाली एक छोटी ओळ वारंवार भेटते : ‘ट. ख. निराळा’. वस्तूची किंमत वेगळी आणि ती दारापर्यंत पोहोचवण्याची किंमत वेगळी. या दुसऱ्या किमतीचा इतिहास जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातून कसा दिसतो, ते या थ्रेडमध्ये पाहू.

२/ पालघर जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे हे दोन तालुके. जव्हार ही मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी. १९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी नव्या पालघर जिल्ह्यात गेले. दोन्ही तालुक्यांत आजही रेल्वे नाही. वारली चित्र असो, बांबूची परडी असो की बोहाड्याचा मुखवटा, बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू आधी घाट उतरते.

३/ कंपनी सरकारच्या काळात टपालाचा दर अंतरावर ठरत असे. १८३७ च्या कायद्यानंतर कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाचे पत्र धाडायला एक रुपया पडे. जो जितका दूर, त्याला तितका भुर्दंड. साहजिकच टपाल हे सरकारी कचेऱ्या आणि मोठ्या पेढ्या यांचेच साधन राहिले.

४/ त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रोलंड हिल यांनी टपालसुधारणेवर एक पुस्तिका लिहिली. लंडनहून एडिंबरोला एक पत्र वाहून नेण्याचा प्रत्यक्ष खर्च एका पेनीच्या छत्तिसाव्या भागाइतकाच येतो, असा हिशेब त्यांनी मांडला. खरा खर्च पत्र घेणे, नोंदवणे आणि वाटणे यांत होता. तेव्हा अंतरानुसार दर लावण्यास फारसा आधार उरत नव्हता. १८४० मध्ये तिथे एका पेनीचे टपाल सुरू झाले.

५/ हिंदुस्थानात हे तत्त्व डलहौसीच्या कारकिर्दीत आले. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की देशाच्या दुसऱ्या टोकाला. दर वजनावर ठरू लागला. दूरच्या गावाचा जादा खर्च सर्वांनी मिळून उचलायचा, असा याचा अर्थ होता. आडवळणाच्या मुलखासाठी ही गोष्ट लहान नव्हती.

६/ पुढची पायरी व्यापाराची. १८७७ मध्ये व्ही. पी. सुरू झाली : पोस्टमन वस्तू देणार, पैसे घेणार आणि ते विक्रेत्याला पोहोचवणार. १८८० मध्ये टपाल खात्याची मनीऑर्डर आली. दुकान न पाहता खरेदी करणारा ग्राहक इथे जन्मला. आजची ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ ही व्ही. पी.चीच नात. दुखणेही तेच : ग्राहकाने वस्तू नाकारली की जाण्या-येण्याचा खर्च विक्रेत्याच्या माथी.

७/ १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी. एकाच नावाची अनेक गावे आणि पत्त्यांच्या अनेक लिपी, यांतून वाट काढण्यासाठी ही सहा अंकांची युक्ती होती. जव्हार ४०१६०३, मोखाडा ४०१६०४. डोंगरातल्या टपाल कार्यालयालाही देशाच्या नकाशावर स्वतःचा क्रमांक मिळाला.

८/ आज तेच सहा अंक खासगी कुरिअरच्या संगणकात भरले जातात, तेव्हा त्यांतून विभाग ठरतो आणि विभागावरून दर. काही पिनकोडांपुढे ‘सेवा उपलब्ध नाही’ असे उत्तर येते. गाव सापडावे म्हणून केलेला क्रमांक गाव वगळण्यासाठीही वापरता येतो. अशा ठिकाणी विक्रेत्याचा आणि ग्राहकाचाही भरवसा सरकारी टपालावरच.

९/ आणि तिथले दर बदलले आहेत. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. हाताने रंगवलेले वारली भेटकार्ड घ्या, वजन २० ग्रॅम. रजिस्टरने पाठवायला ५ रुपये टपाल आणि १७ रुपये नोंदणी, असे २२ रुपये लागत. १ ऑक्टोबर २०२५ पासून शहराबाहेर स्पीड पोस्टचा किमान दर ४७ रुपये. दोन्हींवर जीएसटी वेगळा. साधे टपाल स्वस्त आहे. पण त्यात पोहोचल्याचा पुरावा नाही आणि अनोळखी ग्राहकाला तोच हवा असतो.

१०/ दोनशे ग्रॅमचे छोटे चित्र मोखाड्याहून कोलकात्याला पाठवले तर दर ७२ रुपये, करासह सुमारे ८५. चित्राची किंमत १५० रुपये धरली तर टपालखर्च निम्म्याहून अधिक. तेच चित्र ५,००० रुपयांचे असते तर हा खर्च दोन टक्क्यांच्याही आत. म्हणजे टपालवाढ नामवंत कलादालनाला जाणवत नाही. ती नवख्या चित्रकाराला आणि बेताच्या ऐपतीच्या ग्राहकाला लागते.

११/ मुखवट्यांची आणि बांबूच्या वस्तूंची अडचण वेगळी. कुरिअरमध्ये वजनासोबत आकारमानही मोजतात. लांबी, रुंदी आणि उंची यांचा सेंटीमीटरमधील गुणाकार बहुधा ५,००० ने भागतात. ४० × ३० × २० सेंटीमीटरच्या खोक्याचे ‘वजन’ ४.८ किलो भरते, आत मुखवटा एक किलोचा का असेना! हलकी पण जागा व्यापणारी हस्तकला इथे मार खाते.

१२/ ग्राहकाची बाजूही पाहू. जव्हारच्या विद्यार्थ्याला पुण्याहून पुस्तक मागवायचे असेल, तर पूर्वी बुक पोस्टची स्वस्त सोय होती. डिसेंबर २०२४ मध्ये ती बंद झाली. प्रकाशकांनी आणि वाचकांनी नाराजी व्यक्त केली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पुस्तकांसाठी सवलतीचा दर असावा, हे तत्त्व अशा रीतीने टिकले. हस्तकलेसाठी देशांतर्गत टपालात असा वेगळा दर नाही.

१३/ टपाल खात्याचीही बाजू आहे. स्पीड पोस्टचे दर त्याआधी ऑक्टोबर २०१२ मध्ये बदलले होते. तेरा वर्षांत इंधन आणि वेतन कुठच्या कुठे गेले. पत्रे आटली, पण पोस्टमनला पाड्यावर जावेच लागते. हा खर्च खरा आहे. तो कोणी भरायचा, एवढाच प्रश्न आहे.

१४/ १८५४ चे उत्तर अजून पुरते पुसलेले नाही. ५० ग्रॅमपर्यंत शहराबाहेर देशभर एकच दर आहे. २०० ग्रॅमच्या पाकिटाला २०० किलोमीटरच्या आत ५९ रुपये आणि २,००० किलोमीटरपलीकडे ७७. फरक अवघा १८ रुपयांचा. अंतराचा भार बराचसा आजही वाटून घेतला जातो. वाढला आहे तो किमान दर. म्हणून छोट्या विक्रेत्यासाठी मागणी करायचीच, तर हलक्या आणि स्वस्त हस्तकलेला ‘ज्ञान पोस्ट’सारखा, सावकाश जाणारा पण नोंद असलेला दर मागता येईल. पुस्तकांच्या बाबतीत तो पाच महिन्यांत मिळाला होता.