जमिनीवरची तार

रेडिओची एरिअल म्हटली की डोळ्यांपुढे काय येते? कौलांवर दोन बांबू आणि त्यांच्यामध्ये ताणलेली तांब्याची तार. तार जितकी उंच तितके केंद्र स्पष्ट, असे आपण ऐकत आलो. मुंबई केंद्राचे लघुलहरींवरचे प्रक्षेपण १९३८ साली सुरू झाले, त्या काळी हे बरेचसे खरेही होते. कारण तेव्हा घराघरांत खरखर करणारी विजेची उपकरणे नव्हती.

खरा प्रश्न उंचीपेक्षा शांततेचा आहे, आणि तो आपल्याकडे रेडिओच्याही आधी पडला होता. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे एकोणिसाव्या शतकापासून चालत. शहरात विजेच्या ट्रामा येणार असे ठरले, तेव्हा संचालक नानाभाई मूस यांच्यापुढे पेच उभा राहिला. ट्रामच्या विजेने त्या नाजूक सुया हलल्या, तर नोंद कशाची घ्यायची? त्यांनी समुद्रापलीकडे अलिबाग गाठले. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजून जुन्या-नव्याचा सांधा जुळवला. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली, पण नोंदींची साखळी तुटली नाही. आज अलिबागचे काम पाहणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था नवी मुंबईत, नवीन पनवेलला आहे.

त्याच नवी मुंबईतला रेडिओवेडा मनुष्य मात्र अलिबागला बिऱ्हाड हलवू शकत नाही! १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे सिमेंटच्या इमारती उठल्या. भिंतींत लोखंडी सळ्या, जिन्याशेजारी लिफ्ट, घरोघरी एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर. गच्चीवर तार बांधू म्हटले तर सोसायटीची परवानगी हवी. मग जावे कुठे? खाली, जमिनीवर.

ही युक्ती जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जेम्स हॅरिस रॉजर्स यांनी तारा चक्क जमिनीत पुरून संदेश ऐकून दाखवले. पुढे हॅरल्ड बेव्हरेज यांनी जमिनीलगत लांबच लांब तार टाकली. दुरून येणारी लहर जमिनीवरून सरकताना तिचा पाय किंचित मागे रेंगाळतो, ती पुढे झुकते आणि तारेच्या लांबीभर तिच्यात थोडी थोडी शक्ती भरत जाते. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रोसन येथे तंबू ठोकला, सुमारे चारशे मीटरची अशी तार खांबांवर बांधली आणि अटलांटिकपलीकडच्या हौशी लोकांचे संदेश ऐकले.

आता पंधरा मीटरांची तार म्हणजे बेव्हरेजची तार नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. तिच्यात केंद्राचा आवाज क्षीणच येतो. पण शेजारच्या उपकरणांची खरखर बहुतेक वेळा त्याहून जास्त घटते. रेडिओचा आवाज वाढवता येतो; खरखरीत बुडालेला शब्द काही केल्या वर काढता येत नाही. म्हणून तळमजल्यावर राहणाऱ्याने कुंपणालगतच्या गवतात रबरी वेष्टणाची तार सरळ किंवा चौकोनी टाकावी, आणि इमारतीपासून जमेल तितकी दूर ठेवावी. विजेच्या अर्थिंगला मात्र ती जोडू नये. तिथूनच घरभरची खरखर आत येते. आणि ढग गडगडू लागले की रेडिओपासून तार सोडवून ठेवायची, ती जमिनीवर असली तरी.

गुरुजी, तुमच्या शाळेला अंगण असेल तर एक तार झाडावर चढवा, दुसरी तेवढीच मातीवर पसरा. रात्री आठच्या सुमारास एकच केंद्र आळीपाळीने दोन्हींवर लावा. कोणत्या तारेवर शब्द जास्त कळले, ते मुलांना वहीत लिहू द्या. पावसाळ्यात जमीन ओली झाली की हाच प्रयोग पुन्हा करा. उत्तर बदललेले दिसू शकते.