सणाचा पाठ आणि लोकांचे पुराण

कुंभकोणम म्हणताच आम्हां मराठी मंडळींस महामहमचे तळे आणि बारा वर्षांनी तेथे लोटणारी यात्रा आठवते. याच नगरीत १८९९ साली स्थापन झालेल्या कॅथलिक धर्मप्रांताचे पीठ आहे, याकडे आमचे लक्ष सहसा जात नाही.

जुन्या लॅटिन उपासनेत प्रत्येक संताचा दिवस ठरलेला आणि त्या दिवशी वाचावयाचा शास्त्रपाठही नेमलेला असे. संत थॉमसचा सण २१ डिसेंबरला. त्या दिवशी योहानाच्या शुभवर्तमानातून त्याच्या शंकेचा प्रसंग वाचीत. (हा सण १९६९ च्या सुधारणेत ३ जुलैला गेला.) संत योसेफाच्या सणाला, १९ मार्चला, मत्तयाची अवघी चार वचने. पण वेदीवरचे लॅटिन कावेरीकाठच्या कुणब्यास काय उमगणार?

आज याच धर्मप्रांतात मोडणाऱ्या एलाकुरिच्चीशी ज्यांचे नाव निगडित आहे, त्या इटालियन जेसुइट बेस्कींनी, म्हणजे तमिळांच्या वीरमामुनिवरांनी, १७२६ च्या सुमारास योसेफास नायक करून 'तेंबावणी' हे महाकाव्य रचले. चार वचनांच्या ठिकाणी ३६१५ पद्ये! तंजावरच्या गादीवर तेव्हा पहिले शरफोजीराजे होते. काव्य थोर खरे. पण त्याचा थाट पंडिती आहे.

मराठीत हे कार्य शंभर वर्षे आधीच झाले होते, आणि तेही श्रोत्यांच्या कानास रुचेल अशा ओवीत. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले; त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. जुन्या पुराणांस अंतरलेल्या नवख्रिस्त्यांना त्यांच्याच वळणाचे काही हवे होते. रविवारी व सणावारी मिस्सा आटोपल्यावर चर्चमध्ये त्याचे वाचन होई. संत पेत्रावरही फ्रेंच जेसुइट एतियेन द ला क्रुआ यांनी मराठी पुराण लिहिले.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी फर्मान काढले की, तीन वर्षांत लोकांनी देशी भाषा सोडावी. आरंभीच्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. पुराण तगले ते हस्तलिखितांवर, आणि त्यांतील कित्येक गोव्यातून कानडी मुलखात जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी जपली. स्वतः घरी कोंकणी बोलणाऱ्या त्या मंडळींनी मराठी ओव्या पिढ्यान् पिढ्या सांभाळाव्यात, याचे आम्हांस, घरात मराठी व दारात तमिळ बोलणाऱ्यांस, विशेष अप्रूप वाटते. अशा प्रतींवरूनच जोसेफ साल्दान्हा यांनी १९०७ साली मंगळूरास ग्रंथ पुन्हा छापला. भाषा मराठी, लिपी मात्र रोमन.